पृथ्वीच्या पोटातील आवा

कुंभार ओल्या मातीचे मडके घडवितो आणि आव्यात भाजतो. आव्यात मडके वितळत नाही, त्याचा घाटही तोच राहतो. तथापि बाहेर येते ते मातीहून निराळेच द्रव्य असते. पाण्यात ठेवले तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. पृथ्वीच्या पोटातही असाच एक आवा अखंड पेटलेला आहे. तेथे खडक भाजतात, दडपले जातात आणि न वितळताच नवे रूप धारण करतात. त्यांना भूशास्त्रज्ञ रूपांतरित खडक म्हणतात.

या आव्याची पहिली आच पाहावयाची असेल, तर वाचकांनी आमच्याबरोबर बेल्लमपल्लीस यावे. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्गावरील हे खाणींचे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. डॉ. विल्यम किंग यांना १८७१ साली येल्लंदूजवळ कोळसा आढळला. पुढे सिंगरेणी कंपनीच्या खाणी गोदावरीच्या खोऱ्यात पसरत बेल्लमपल्लीपर्यंत पोहोचल्या. आपल्या चंद्रपूरचा कोळसाही याच गोंडवन कुळातला.

हा कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची वनराई होय. दलदलीत पडलेल्या पाल्यावर व खोडांवर वाळू आणि चिखल यांचे थर साचत गेले. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते; दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश. एक किलोमीटर जाडीच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या अडीचशे पटींहून अधिक भरतो. या उष्णतेने व भाराने पाल्यातील पाणी आणि वायू निघून गेले, कार्बन मागे राहिला. मात्र बेल्लमपल्लीचे थर फार खोल गेले नाहीत. त्यांना मध्यम आचच लागली. म्हणून येथील कोळसा आगगाडीच्या इंजिनाला व विजेच्या कारखान्याला चालला. पण पोलादाच्या भट्टीसाठी लागणारा कोक त्यापासून होत नाही. त्यासाठी अधिक शेकलेला झरियाचा कोळसा हवा. आच आणखी वाढती, तर अँथ्रासाइट झाला असता; आणि त्याहून फार वाढती, तर आपल्या मुलांच्या पेन्सिलीत असते ते ग्रॅफाइट.

ज्या उष्णतेने कोळसा घडला, तिनेच त्यात मिथेन वायूही निर्माण केला. हवेत तो शंभरात पाच ते पंधरा भाग मिसळला की एक ठिणगी पुरे. कोळशाची उडती धूळही तशीच घातक. २८ मे १९६५ रोजी तत्कालीन बिहारमधील धोरी खाणीत स्फोट होऊन २६८ कामगार प्राणास मुकले. म्हणूनच खाणीत मोकळी हवा खेळती ठेवणे आणि वायूची नित्य तपासणी करणे हे केवळ नियम नव्हेत. त्यांवर घरोघरच्या कर्त्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

कोळसा हा रूपांतराच्या उंबरठ्यावरचा. खरा आवा याहून पुष्कळ खाली. तेथे चिखलाच्या खडकाची पाटी होते, वालुकाश्माचा कठीण क्वार्ट्‌झाइट होतो, चुनखडकाचा संगमरवर होतो. मंचेरियालजवळचा चुनखडक आव्यात न उतरल्याने चुनखडकच राहिला व सिमेंटच्या कामी आला. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या १६९८ सालच्या समाधीवर आपण जो संगमरवर पाहतो, तोही एके काळी साधा चुनखडकच होता; आव्यातून निघाल्यामुळे त्याला ती झळाळी आली.

आव्याचा तळ पाहावयाचा तर गोदावरी ओलांडून करीमनगरच्या बाजूस जावे. तेथील काही खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी अनेक किलोमीटर खोलीवर, ७०० अंशांहून अधिक उष्णतेत शिजले. पुढे वरचे थर उन्हापावसाने झिजत गेले, भूमी उचलली गेली आणि एके काळचा तळ आज शेताच्या बांधाशी उघडा पडला आहे. माणसाने आजवर पाडलेले कोणतेही भोक इतके खोल गेलेले नाही. पृथ्वीने मात्र स्वतःच आपले अंतरंग वर आणून ठेवले आहे.

शेगडीत टाकलेला कोळसा घटकाभरात राख होतो. तो घडण्यास कोट्यवधी वर्षे लागली आणि तो वर आणताना कोणीतरी अंधारात जीव धोक्यात घातला, एवढे ध्यानी असले की इंधन जपून वापरण्याची शिकवण निराळी द्यावी लागत नाही.