कवळी का मोडते?

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत आम्ही जातो तेव्हा एखादी आजी पदराची गाठ सोडून मोडकी कवळी पुढे करते. "मोरीत हातातून सुटली, बाई." फरशीवर पडून कवळी मोडते, हे खरेच. म्हणून धुताना खाली पाण्याची बादली किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवा.

पण वरची कवळी जेवता जेवता मधोमध उभी चिरते, ती का? दात गेल्यावर हिरडीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. टाळूचा मधला कडक भाग मात्र तसाच राहतो. मग कवळी त्या उंचवट्यावर टेकते आणि प्रत्येक घासाला दोन्ही बाजूंनी वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे. दोष ज्वारीच्या भाकरीचा नाही. ती कालवून खा. सुपारी मात्र सोडाच.

कवळी डुलू लागली की दंतवैद्याकडून तिला आतून नवा थर भरून घ्या. घरात म्हाताऱ्यांच्या दातांचा खर्च सगळ्यात शेवटी निघतो, म्हणून हे सांगावे लागते.

फेविक्विकने चिकटवू नका. जोड जरासा सरकला तरी कवळी नीट बसत नाही, हिरडी सोलते. सगळे तुकडे जपून न्या; नांदेडला आणि लातूरलाही दंत महाविद्यालय आहे. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळते पाणी नको, ती वाकडी होते.