पट्टा आणि पत्रा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचलेली फियाट ११००, तसेच मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अॅम्बॅसडर, या दोन्ही मोटारींचा मूळ आराखडा तीन टोकांच्या सीट बेल्टहून जुना आहे. छाती आणि कंबर एकाच पट्ट्याने आवळणारी ही रचना निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वोसाठी सिद्ध केली, १९५९ मध्ये ती विक्रीच्या मोटारींत आली आणि व्होल्वोने तिचे पेटंट इतर कारखान्यांनाही खुले ठेवले. जुन्या मोटारीत बेल्ट बसवायचा, तर मूळ सांगाड्यात कोणी कल्पिलेली नव्हती अशी ताकद त्यात नव्याने निर्माण करावी लागते.

ही ताकद किती लागते, हे साध्या गणितातून कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळली आणि ७० किलो वजनाच्या माणसाला थांबायला पुढचा पत्रा चेपण्यासह अर्धा मीटर अंतर मिळाले, तर त्याला रोखणारे सरासरी बल सुमारे १३,५०० न्यूटन, म्हणजे पावणेचौदाशे किलोच्या ओझ्याएवढे भरते. एवढी ओढ सोसणारा पट्टा बाजारात तयार मिळतो. तो जिथे बांधायचा त्या पत्र्याची मात्र कोणी हमी देत नाही.

पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट आणि साधा वॉशर लावला, तर धक्क्यासरशी वॉशर पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून ओढीच्या विरुद्ध बाजूने, पत्र्याच्या मागे, सुमारे तीन मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी पोलादी पट्टी देतात, जेणेकरून भार मोठ्या क्षेत्रावर पसरेल. तिच्या कडा गोलसर घासाव्या लागतात, कारण धारदार कडच पत्रा कापू लागते. बोल्ट सात-सोळांश इंची, बारीक आट्यांचा आणि उच्च प्रतीच्या पोलादाचा असावा. पण पट्टी लावण्याआधी गालिचा उचलून दाराखालचा उंबरा आणि फरशीचे कोपरे हातोडीने हलकेच ठोकून पाहणे अत्यंत गरजेचे आहे. निरोगी पत्रा खणखणतो, तर गंजलेला भद्द वाजतो आणि कधी हातोडीचे टोकच आत जाते. कोकणपट्टीच्या खाऱ्या, पावसाळी हवेत राहिलेल्या मोटारींत हा धोका मोठा असतो, आणि गंजावर पुट्टी भरून रंग दिलेला असला तर तो डोळ्यांना दिसतही नाही. असा पत्रा कापून नवा सांधल्याशिवाय बेल्ट लावणे म्हणजे प्रवाशाला खोटा दिलासा देणे होय.

जागेची निवडही तितकीच नाजूक आहे. खांद्यावरचे टोक खांद्याच्या पातळीला किंवा तिच्या वर, दोन दारांमधल्या खांबावर यावे लागते. ते आसनामागच्या फरशीला बांधले, तर आदळताना पट्टा खांदे खाली दाबतो आणि मणक्यांवर चेप बसतो. कमरेचा पट्टा पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडांवर बसायला हवा. केवळ कमरेचा पट्टा लावणे सोपे असल्यामुळे अनेकांना तो मोह होतो, परंतु या मोटारींचा स्टिअरिंगचा दांडा धक्क्याने न दुमडणारा, ताठ असल्याने चालकाचे वरचे अंग थेट चाकावर जाऊन आदळू शकते. धक्क्याच्या क्षणी आपोआप अडकणारी गुंडाळीही ठरलेल्या कोनातच लावावी लागते, कारण आतली संवेदक गोळी वा लंबक तिरका बसला की ती ऐनवेळी अडकेलच असे नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी मोटार ५० वर्षांहून जुनी असावी आणि तिच्या सांगाड्यात मोठे फेरफार नसावेत. म्हणून काही संग्राहक बेल्टच नको म्हणतात. ही भीती समजण्यासारखी असली तरी ती जिवापेक्षा मोठी मानता येत नाही, आणि जिथे पत्रा निरोगी आहे तिथे वेल्डिंग टाळून केवळ बोल्टने आवळलेली पट्टी पुढे काढूनही घेता येते. तिच्यावर गंजरोधक रंग चढवून मूळ अस्तर परत लावले, की पट्टा सोडल्यास खांबावर एका बोल्टचा माथा तेवढा दिसतो.