माशी, मासा आणि नोकरी

‘विनोद’ या शब्दाचा अर्थ आज आपण थट्टामस्करी असा घेतो. जुन्या संस्कृतात मन रमविण्याचे साधन म्हणजे विनोद. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो कोशवजा ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या अनेक विनोदांची वर्णने आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. परंतु त्यातच ‘मत्स्यविनोद’ असेही एक प्रकरण आहे, आणि गळाने मासे धरण्याच्या कलेचा त्यात गंभीरपणे विचार केलेला आहे.

राजाला विनोदासाठी रजेचा अर्ज करावा लागत नसे. आपल्याला करावा लागतो. २०२० च्या महामारीनंतर मात्र एक नवीच सोय झाली. संगणक आणि इंटरनेट असेल तेथून काम करण्याची मुभा अनेकांना मिळाली. साहजिकच पुष्कळांना वाटले, की आता नोकरी आणि छंद यांचे भांडण मिटले. कामच पाठीवर टाकावे आणि आवडत्या ठिकाणी जाऊन राहावे. मीही त्यांपैकीच एक. चित्रपटांच्या उपशीर्षकांचे भाषांतर करण्याची नोकरी सांभाळून मी एम. ए. करीत आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत व पुन्हा ऑक्टोबरात हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीच्या खोऱ्यात जाऊन ‘फ्लाय फिशिंग’ करते. हे दोन्ही एकत्र कसे जमते, असे मैत्रिणी आणि प्राध्यापक विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा छंद म्हणजे नेमके काय, ते सांगणे आवश्यक आहे.

आपल्याकडील नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने दोरा लांब फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसते. आकड्याभोवती पिसे, लोकर व रेशमी दोरा गुंडाळून पाण्यावरच्या किड्याची नक्कल केलेली असते. हीच ती ‘माशी’. तिला वजन जवळजवळ नसतेच, मग ती फेकायची कशी? तर येथे दोरीच जड असते. सुमारे नऊ फुटांच्या लवचिक काठीने ही दोरी आधी मागे फेकायची, ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे टाकायची. दोरीच्या टोकाला निमुळता होत गेलेला नायलॉनचा बारीक धागा असतो आणि त्याच्या शेवटी माशी. सगळी गंमत त्या मधल्या थांबण्यात आहे. घाई केली तर दोरी मागे उलगडत नाही आणि पुढे तिचा गुंता होऊन पडतो. मला हे तेथील घरमालकांनी शिकविले. त्यांना सारे गाव चाचाजी म्हणते. पहिले दोन दिवस त्यांनी मला नदीकडे फिरकू दिले नाही; अंगणातच, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, दोरी मागेपुढे करायला लावली.

ही कला फार जुनी आहे. मॅसिडोनियातील लोक आकड्याला तांबडी लोकर गुंडाळून मासे धरतात, असे सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन या रोमन लेखकाने नोंदविले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका प्रबंधात बारा प्रकारच्या माश्यांची कृती दिलेली आहे, आणि आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक १६५३ चे. हा वॉल्टन लंडनमध्ये दुकानदारी करीत असे, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता माशाविषयी. तीर्थनमध्ये या छंदाचा मुख्य मासा म्हणजे ब्राउन ट्राउट. तो मूळचा युरोपातला. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास तो काश्मीरमध्ये व १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात आणून सोडला. त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. आपल्या सह्याद्रीतील नद्या उन्हाळ्यात इतक्या तापतात, की तो तेथे टिकणार नाही. म्हणूनच मला पुण्याहून दिल्ली, तेथून रात्रीच्या बसने औट आणि पुढे लारजीवरून बंजार, एवढा प्रवास करावा लागतो.

ट्राउट प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून एखाद्या दगडाच्या आडोशाला उभा राहतो आणि वाहत येणारे खाद्य टिपतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्याला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, वाकून जावे लागते. त्याचे पुष्कळसे खाद्य पाण्याखालचे असते. मेफ्लाय नावाचा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ दगडांखाली अळीच्या रूपात काढतो आणि पंख फुटल्यावर काही तास, फार तर एखाद-दोन दिवस जगतो. हे कीटक थव्याने पृष्ठभागावर येऊ लागले, की मासेही वर येतात. पाण्यावर टप्पकन एक वलय उठते, मग दुसरे. हौशी माणूस वर्षभर ज्याची वाट पाहतो तो हाच समय. मात्र आपली माशी त्या खऱ्या कीटकांच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरीच्या ओढीने ती जराशी जरी घसरली, तरी मासा तिच्याकडे पाहतही नाही.

हा समय केव्हा येतो, याला नोकरीच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. मे महिन्यात दिवसाच्या उन्हाने वरचे बर्फ वितळते आणि दुपारनंतर नदीचे पाणी वाढून गढूळ होऊ लागते. सकाळी ते त्यामानाने उतरलेले व नितळ असते. ज्या दिवशी पाणी फारसे चढत नाही, त्या दिवशी सूर्य डोंगराआड गेल्यावर पुन्हा तासभर मासे वर येतात. ऑक्टोबरात याच्या उलट. पाणी काचेसारखे स्वच्छ, पण पहाट गारठलेली. तेव्हा कीटकांची हालचाल ऊन चांगले तापल्यावर, भर दुपारी होते. पावसाळ्याबद्दल बोलायलाच नको. जुलै २०२३ मध्ये बियास आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनी कुलू जिल्ह्यात केवढा विध्वंस केला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

नदीच्या या वेळापत्रकापुढे आता कचेरीचे वेळापत्रक मांडून पाहू. माझे काम ज्यांच्यासाठी चालते त्यांची कचेरी न्यूयॉर्कला आहे. तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे तेथील मंडळी कामावर येऊन निरोप पाठवू लागतात आणि तीर्थनमध्ये पाण्यावर पहिले वलय उठते, या दोन गोष्टी एकाच घटकेला घडतात. लंडनच्या कचेरीसाठी काम करणाऱ्याचीही सुटका नाही. तेथे त्या वेळी दुपारचे दोन वाजलेले असतात. संगणक नदीकाठी नेता येतो, पण घड्याळ तेथे बदलत नाही.

मग खिशात मोबाइल ठेवून मासे धरावेत, असे कोणी म्हणेल. तसे करणारे पाहुणे मी तेथे पाहिले आहेत. एक हात काठीवर, दुसऱ्या हातात फोन. दोरी मागे उलगडण्यास लागणारा तो क्षण त्यांना मिळत नाही, आणि पलीकडून बोलणाऱ्यालाही पाण्याच्या खळाळाखेरीज काही ऐकू येत नाही. हा छंद मन पूर्ण मागतो. भाषांतरही तेच मागते. संवादाचा मराठी पर्याय दोन सेकंदांत वाचून होईल इतका आटोपशीर करायचा, तर डोळ्यांसमोर नदी असून चालत नाही.

पूर्वीच्या छांदिष्टांनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. सर एडवर्ड ग्रे हे १९०५ ते १९१६ या काळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. या छंदावरील त्यांचे पुस्तक १८९९ चे. आठवडाभर लंडनमध्ये काम आणि शनिवारी पहाटेच्या गाडीने हॅम्पशायरमधील इचेन नदीकाठची आपली कुटी, असा त्यांचा क्रम असे. जी. ई. एम. स्क्यूज (१८५८–१९४९) हे लंडनमधील वकील. त्यांनी त्याच नदीवर सवडीच्या दिवसांत निरीक्षण करून पाण्याखालील अळीच्या नकलेने मासे धरण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतील मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन व्होएल्कर यांनी मात्र तिसरा मार्ग धरला. १९५८ साली त्यांची ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ ही कादंबरी गाजली आणि त्यानंतर त्यांनी न्यायासन सोडून लेखन व मासेमारी यांनाच वाहून घेतले. कादंबरी गाजण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे तो मार्ग आपण बाजूला ठेवू. तिघांतही एक गोष्ट समान दिसते. एकाच तासात दोन्ही साधण्याचा प्रयत्न कोणी केला नाही.

माझा अनुभव असा, की दिवसाच्या चोवीस तासांत हा तोल साधू पाहिला तर तो साधत नाही; वर्षाच्या बारा महिन्यांत पाहिला तर साधतो. यासाठी मला मदत झाली ती एका सरकारी नियमाची. ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून हिमाचलच्या मत्स्य विभागाने १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याच्या शिकारीस बंदी घातली आहे. हे चार महिने नदीची सुट्टी असते. तेव्हा मी पुण्यात असते आणि जादा काम अंगावर घेते. रात्रीच्या बैठकांना बसते, इतरांनी टाळलेले लांबलचक चित्रपटही घेते. त्याच्या मोबदल्यात मेमध्ये आणि ऑक्टोबरात तीन-तीन आठवडे मला हजेरीची नव्हे, तर कामाच्या मापाची अट मिळते. रोज अमुक इतक्या मिनिटांचे भाषांतर पोचते करायचे, मग ते केव्हाही करा. मेमध्ये पहाटे साडेपाच ते साडेआठ नदी आणि दहा ते सहा काम. ऑक्टोबरात काम सकाळी व रात्री, मधली दुपार नदीला. खोऱ्यात पाऊस आला की वीज जाते आणि इंटरनेटही जाते, म्हणून पुढील दोन दिवसांचे चित्रपट आधीच उतरवून घेते आणि हातातले काम एक दिवस पुढे ठेवते.

याची किंमत मोजावी लागत नाही, असे नाही. गेल्या वर्षी मला गटप्रमुखाची जागा देऊ केली गेली. पगार जवळपास दीडपट. अट एकच, वर्षभर रोज सायंकाळी साडेसहापासून न्यूयॉर्कच्या मंडळींबरोबर बैठक. धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च माझ्यावर आहे, त्यामुळे ‘छंदासाठी सोडून दिली’ असे सहज म्हणण्यासारखी ती जागा नव्हती. मी आठ दिवस आकडेमोड केली. हिवाळ्यातील जादा कामाने भावाची फी भागते, एवढे दिसल्यावर मी नकार कळविला. ज्या दिवशी ती भागणार नाही, त्या दिवशी ती बैठक मला स्वीकारावी लागेल, हेही मला ठाऊक आहे.

घरी आईला पगारापेक्षा वेगळेच कोडे पडले होते. ती म्हणाली, “अगं, एवढ्या लांब जायचं, मासा धरायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा? मग गेलीस कशाला?” प्रश्न रास्त आहे. मी आकड्याचा उलटा काटा दाबून टाकते, हात ओले करून मासा पाण्यातच धरते आणि क्षणात सोडते; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. तरीही आपल्या आनंदासाठी एका जिवाला काही क्षण त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्यापुरते उत्तर असे, की मासे आहेत म्हणून माणसे येथे येतात आणि माणसे येतात म्हणून नदी वाहती ठेवण्यात खोऱ्याचे हित आहे. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत यासाठी येथील लोकांनी न्यायालयापर्यंत लढा दिला, त्यात ट्राउटचाही वाटा होता. आईला हे उत्तर अर्धेच पटले आहे.

आपल्यापैकी अनेकजण लवकरच नोकरीला लागतील आणि त्यांतील काहींना कोठूनही काम करण्याची मुभा मिळेल. त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र त्याआधी आपल्या छंदाची वेळ कोणती आणि त्याचे बंद महिने कोणते, हे कागदावर लिहून पाहावे. गायनाचा रियाज पहाटेचा असतो, गिर्यारोहणाला थंडी लागते, पक्षी पाहायचे तर उजाडण्यापूर्वी निघावे लागते. छंदाची वेळ आपण ठरवीत नाही. कामाची वेळ मात्र थोडीफार मागून घेता येते. ती कोणत्या महिन्यांसाठी मागायची आणि तिच्या बदल्यात कोणते महिने द्यायचे, एवढे आधी ठरवून मगच नेमणुकीच्या पत्रावर सही करावी.