हृदयाच्या सीटी तपासणीत अवचित आढळणारे दोष

शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्यास चालताना छातीत दुखू लागते. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याचा हृदयालेख काढला जातो, तेथून त्यास धुळे वा नाशिक येथे पाठविण्यात येते आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांची सीटी तपासणी होते. ज्या अडथळ्याच्या शंकेने ती केली तो अडथळा आढळत नाही. परंतु अहवालाच्या शेवटी निराळीच एक ओळ असते. रोहिणीचा उगम नेहमीच्या जागी नाही, झडप दोनच पाळ्यांची आहे, किंवा कॅल्शियमचे थर आहेत, असे काहीतरी त्या ओळीत नोंदलेले असते. अहवाल इंग्रजीत असतो. तो वाचून घेण्यासाठी घरची मंडळी गावातील शिक्षकांकडे किंवा पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याकडे जातात.

या ओळीचे दोन परिणाम संभवतात. एक तर घर हादरते. कपाशीचे आलेले पैसे घेऊन रुग्णास मोठ्या शहरात नेले जाते आणि गरज नसलेल्या तपासण्यांत ते संपतात. नाही तर ‘ब्लॉकेज नाही’ एवढे ऐकून अहवाल कपाटात जातो आणि त्यातील खरोखर महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते. दुसरा प्रकार पहिल्याहून अधिक घातक होय.

यंत्रास जे दिसते ते

सीटी यंत्राने माणसाची पहिली तपासणी १९७१ साली लंडनच्या उपनगरातील एका रुग्णालयात झाली. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती पहिली तपासणी मेंदूची होती, कारण मेंदू स्थिर असतो. हृदय मात्र क्षणभरही थांबत नाही. त्याचे सुस्पष्ट चित्र सर्रास मिळू लागले ते एकाच वेळी चौसष्ट छेद टिपणारी यंत्रे २००४ च्या सुमारास आल्यानंतर. रुग्णाच्या नाडीचे ठोके आवश्यक तर औषधाने मिनिटास साठच्या आसपास आणले जातात, हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडला जातो, आणि हृदयालेखाशी मेळ घालून काही सेकंदांत चित्रे घेतली जातात.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न यंत्रास ठाऊक नसतो. रोहिण्यांसोबत हृदयाचे कप्पे, झडपा, महारोहिणी आणि फुफ्फुसांचा काही भागही चित्रात येतो. पूर्वी शवविच्छेदनातच कळणाऱ्या गोष्टी आता हिंडत्याफिरत्या माणसात दिसतात; त्यांपैकी सर्वच रोग नव्हेत.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे उदाहरण घ्यावे. गर्भातील बालकाची फुफ्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत, म्हणून या पडद्यात रक्तास जाण्यासाठी एक वाट असते. जन्मानंतर ती मिटते. परंतु सुमारे चौघांतील एका प्रौढात तेथे बारीक फट राहून जाते. अशी माणसे शेतीची सर्व कामे करून पूर्ण आयुष्य जगतात. तरुण वयात, दुसरे कोणतेही कारण नसताना पक्षाघाताचा झटका आला असेल, तरच या फटीचा गांभीर्याने विचार होतो. ‘हृदयाला छिद्र’ या शब्दांनी घाबरविण्याजोगे त्यात काही नाही. लहान मुलांच्या हृदयातील मोठे छिद्र हा प्रकार वेगळा. या दोहोंची गल्लत वारंवार होते. रोहिणीचा काही भाग हृदयाच्या पृष्ठभागावरून न जाता स्नायूत बुडून जाणे, हेही असेच. सीटी तपासणीत ते पुष्कळ लोकांत आढळते आणि बहुतेकांस त्यामुळे काहीही होत नाही.

दुर्लक्ष करू नये असे

रोहिणीचा उगमच चुकीच्या जागी असणे हा दोष शंभरांत सुमारे एकास असतो. त्यातही पुढचा मार्ग पाहावा लागतो. महारोहिणीच्या मागून वळसा घालून जाणारी रोहिणी सहसा निरुपद्रवी असते. मात्र विरुद्ध बाजूने निघून महारोहिणी व फुफ्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी यांच्या मधून जाणारी रोहिणी, विशेषतः डावी, तरुणांत धावताना वा खेळताना आकस्मिक मृत्यूस कारण ठरू शकते. अशा रुग्णाने हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळेपर्यंत अतिश्रम टाळले पाहिजेत.

महारोहिणीच्या झडपेस तीन पाळ्या असतात. शंभरांत एका-दोघांस त्या जन्मतः दोनच असतात. कित्येक वर्षे त्रास होत नाही, पण पुढे झडप ताठर होते किंवा महारोहिणी रुंदावते. येथे ठराविक काळाने इकोकार्डिओग्राफी करणे हाच उपाय होय. हा दोष कुटुंबात उतरू शकत असल्याने रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही ती तपासणी करून घ्यावी.

डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी दिसणे ही मात्र तातडीची बाब आहे. कधीकधी तेथे द्रव उशिरा पोहोचल्यामुळे गुठळीचा भास होतो. थोड्या वेळाने पुन्हा चित्र घेतले म्हणजे खरे-खोटे बहुधा कळते.

रोहिण्यांतील कॅल्शियमचे थर हे जन्मजात वैगुण्य नव्हे. ते मोजण्याची पद्धत आर्थर अ‍ॅगॅट्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. हा अंक वाढलेला असणे म्हणजे रोहिणी बंद झाली असे नव्हे. पुढे झटका येण्याचा धोका किती, हे त्यावरून समजते. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीत छातीची सीटी तपासणी खेडोपाडीच्या असंख्य लोकांनी करून घेतली. त्या चित्रांतही हे थर दिसू शकतात, पण तेव्हा सर्वांचे लक्ष फुफ्फुसांच्या ‘स्कोअर’कडे होते. ते जुने अहवाल डॉक्टरांस दाखविण्यासारखे आहेत. तंबाखू व विडी सोडणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि सांगितल्यास कोलेस्टेरॉलची गोळी नियमित घेणे, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. त्रास नसताना केवळ अंक पाहून स्टेंट बसविण्याचे कारण नाही.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. हृदयावरील अनेक शस्त्रक्रिया तीत समाविष्ट असल्याने, शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास पैशाची जुळवाजुळव करण्याआधी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला; त्याखाली शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांस दोन पाळ्यांची झडप असल्याचे शिक्षकांस ठाऊक असेल, तर पालकांच्या संमतीने ते तपासणी पथकास सांगावे. एरवी ही माहिती पथकापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नसतो.

अहवालासोबत मिळणारी चित्रांची चकती रुग्णाने जपून ठेवावी. महारोहिणी चार सेंटिमीटरांची असून तेवढीच राहिली आहे, की दोन वर्षांत साडेचारावर गेली आहे, हे आधीचे चित्र शेजारी ठेवल्यावाचून सांगता येत नाही.