भूतानमधली एक रात्र: 1,200 रुपये की 100 डॉलर?

1974 साली भूतानने पर्यटकांना पहिल्यांदा दार उघडले, तेव्हा वर्षभरात 287 जण आले. 2019 मध्ये आले 3,15,599. या देशाची लोकसंख्या 2017 च्या जनगणनेनुसार सव्वासात लाखांच्या आसपास आहे. म्हणजे दर दोन-सव्वादोन रहिवाशांमागे एक पाहुणा.

या वाढीतला कळीचा आकडा शेवटच्या तीन वर्षांचा आहे. 2016 मध्ये पर्यटक होते सुमारे 2 लाख 10 हजार; 2019 पर्यंत ते निम्म्याने वाढले. बहुतेक देशांच्या पर्यटकांना तेव्हा हंगामात दिवसाला किमान 250 डॉलरचे पॅकेज घ्यावेच लागे आणि त्यातले 65 डॉलर शाश्वत विकास शुल्क म्हणून सरकारकडे जात. भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांना मात्र काहीच शुल्क नव्हते. 2019 च्या पाहुण्यांत एकटे भारतीयच सुमारे 2 लाख 30 हजार होते, म्हणजे चारांतले जवळपास तीन. ‘कमी पर्यटक, जास्त मोल’ हे धोरण जगभर वाखाणले जात होते, पण प्रत्यक्षात ते चारांतल्या एकालाच लागू होते.

2020 मध्ये भारतीयांनाही रात्रीला 1,200 रुपये शुल्क ठरले. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. पुण्या-नाशिकचे एखादे कुटुंब धरा: आईबाबा, दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. रात्रीचे 3,000 रुपये. पाच रात्रींचे 15,000. हॉटेल, गाडी, जेवण वेगळे. माझ्या मते ही रक्कम रास्त आहे. भूतानच्या राज्यघटनेने किमान 60 टक्के भूभाग कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि आज सुमारे 70 टक्के जंगल उभे आहे. ते तोडून मिळणारे उत्पन्न हा देश सोडून देतो. ते जंगल पाहायला जाणाऱ्याने त्यातला थोडा भार उचलायला हवा.

डॉलरच्या दराबाबत मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. कोविडनंतर 23 सप्टेंबर 2022 रोजी सीमा उघडल्या, तेव्हा पॅकेजची सक्ती गेली आणि शुल्क 65 वरून थेट 200 डॉलर झाले. 2023 मध्ये एकूण पर्यटक आले सुमारे 1 लाख 3 हजार, म्हणजे 2019 च्या एक तृतीयांश. सगळा दोष शुल्काचा नाही. कोविडनंतर प्रवासाची घडी सगळीकडेच हळूहळू बसत होती. पण रिकाम्या हॉटेलांचे कर्ज थांबत नाही, गाइडचे घरभाडे थांबत नाही आणि तरुण मुले तर ऑस्ट्रेलियाची वाट धरतच होती. सप्टेंबर 2023 पासून शुल्क निम्मे, 100 डॉलर झाले. 2024 मध्ये आकडा 1 लाख 45 हजारांपर्यंत चढला. त्यातले जवळपास दोन तृतीयांश भारतीय.

खरी अडचण दराइतकीच मोजणीच्या पद्धतीत आहे. 2019 मध्ये जगाच्या हरितगृह वायू उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे 8.8 टक्के होता आणि त्यात विमानप्रवासाचा हिस्सा मोठा. पारोला उतरणारे विमान पाहुणा तीन रात्री राहिला काय किंवा बारा रात्री राहिला काय, तेवढेच इंधन जाळते. शुल्क मात्र रात्रीगणिक वाढते. साहजिकच माणूस पारो, थिंफू, पुनाखा उरकून परततो. बुमथांगला आणि त्याहून पूर्वेच्या जिल्ह्यांत जायला लागणारे जादा दिवस तो वाचवतो. तिथल्या घरगुती मुक्कामांपर्यंत पैसा पोचतच नाही.

यावरचा उपाय भूताननेच करून पाहिला होता. जून 2023 मध्ये योजना आली: चार रात्रींचे शुल्क भरा, पुढच्या चार रात्री माफ, सातावर सात, बारा रात्रींचे भरले तर महिनाभर राहा. तीनच महिन्यांत सरसकट निम्म्या दराने तिची जागा घेतली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. दर उतरवल्याने येणाऱ्यांची संख्या वाढते. जादा रात्री माफ केल्या, तर आलेला माणूस जास्त दिवस राहतो. डोंगरातल्या छोट्या देशाला दुसरी गोष्ट अधिक परवडते.

100 डॉलरचा सध्याचा दर ऑगस्ट 2027 अखेरपर्यंत आहे. पुढचा दर ठरवताना ती गुंडाळलेली योजना भूतानने पुन्हा बाहेर काढावी, आणि भारतीयांच्या 1,200 रुपयांनाही ती लागू करावी.