मालवाहतुकीचा खर्च आणि चालकाचा वेळ

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा सारा परिसर यंत्रांच्या आवाजाने गजबजून गेला. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले खेड तालुक्यातील चाकण त्यानंतर उद्योगाच्या नकाशावर आले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारात आज दुचाकी, मोटारगाड्या आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या या मालाचा फार मोठा भाग ट्रकनेच पुढे जातो. म्हणून ट्रकच्या एका फेरीला किती खर्च येतो आणि त्यातून कोणाच्या हाती काय उरते, हा प्रश्न वाहतूकदारांपुरता मर्यादित नाही; तो या परिसराच्या अर्थव्यवस्थेचाच प्रश्न आहे.

खर्चाचे दोन भाग

ट्रकचा खर्च दोन प्रकारचा असतो. डिझेल, टायर, पथकर व देखभाल हा खर्च चाक फिरले म्हणजे होतो. कर्जाचे हप्ते, विमा, कर आणि चालकाचे वेतन हा खर्च मात्र गाडी उभी असली तरी चुकत नाही. एका ढोबळ उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

चाकण ते न्हावा-शेवा बंदर हे अंतर १२० किलोमीटर धरू. जाऊन-येऊन २४० किलोमीटर होतात. गाडी एका लिटरमध्ये ४ किलोमीटर जाते आणि डिझेलचा दर ९० रुपये आहे असे मानल्यास डिझेलला ५,४०० रुपये लागतील. हप्ते, विमा, कर व वेतन मिळून महिन्याचा स्थिर खर्च ७५,००० रुपये समजू. महिन्यात २५ फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर त्यापैकी ३,००० रुपये पडतात. कारखान्याच्या फाटकावर, चाकणच्या चौकात आणि बंदराच्या रांगेत दिवस मोडून फेऱ्या १५ वर आल्या, तर तोच बोजा फेरीमागे ५,००० रुपये होतो. म्हणजे डिझेलचा भाव एक पैशानेही न वाढता फेरीचा खर्च ८,४०० वरून १०,४०० रुपयांवर जातो. पथकर, टायर व देखभाल यांत धरलेलीच नाही.

उलटपक्षी, परतीचा माल मिळाला तर ८,४०० रुपयांचा खर्च दोन भाड्यांत वाटला जाऊन प्रत्येकी ४,२०० रुपयांवर येतो. रिकामी फेरी आणि ताटकळत उभी गाडी, हीच या धंद्यातील दोन मोठी गळती होत.

अन्य देशांत काय दिसते

अमेरिकेत २०२३ साली ट्रक चालविण्याचा सरासरी खर्च मैलाला सुमारे २.२७ डॉलर होता. त्या वेळच्या विनिमय दराने हा खर्च किलोमीटरला सुमारे ११५ रुपये होतो. यातील दोन-पंचमांशाहून अधिक भाग चालकाचे वेतन व त्याच्या अन्य लाभांचा असून इंधनाचा भाग सुमारे एक-चतुर्थांश आहे. मोठा ट्रक चालविणाऱ्या कामगाराचे तेथील मध्यम वार्षिक वेतन मे २०२४ मध्ये ५७,४४० डॉलर होते. आपल्याकडे चित्र उलटे आहे. येथे इंधन हा सर्वांत मोठा खर्च असून चालकाचा वाटा त्या मानाने लहान आहे.

ट्रकच्या क्षमतेत हा फरक शोधणे योग्य ठरणार नाही. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर मालासह गाडीचे वजन सर्वसाधारणपणे ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत चालते. युरोपीय संघात सामान्य मर्यादा ४० टन आहे. भारतात २०१८ मध्ये मर्यादा वाढविण्यात आल्या. दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली आणि सर्वांत मोठ्या ट्रेलरसाठी ती ५५ टनांपर्यंत गेली. खरा फरक वेळेच्या मूल्याचा आहे.

वेळेची किंमत कोण मोजतो?

युरोपात चालकाने दिवसाला सामान्यतः ९ तास आणि आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तास गाडी चालवावी, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावी, असा नियम असून गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकेत १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालविता येते. जपानमध्ये एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकाच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. माल कमी जाईल या चिंतेने तेथील शासनाने चालकाची प्रतीक्षा व चढ-उतार दोन तासांत आटोपावी, असे माल पाठविणाऱ्यांना व घेणाऱ्यांना सुचविले. चालकाचे तास मोजके झाले म्हणजे ते वाया घालविणे कोणालाच परवडत नाही, हा यातील बोध आहे.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. परंतु लहान मालक, फेरीवर मिळणारा भत्ता आणि हिशेबात न येणारी रांग यांमुळे ती कागदावरून रस्त्यावर क्वचितच उतरली. थांबलेल्या गाडीचे ‘हॉल्टिंग’ ठरलेले असते. पण ते वसूल करण्याइतके बळ एक-दोन गाड्यांच्या मालकाजवळ नसते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे तत्त्व वाहतूकदारांनी वारंवार मांडले, तेही याच कारणाने. चढ-उताराची वाराई गाडीवाल्याच्या माथी पडली की ठरलेले भाडे तेवढे घटते. स्वस्त भासणारी वाहतूक अशा रीतीने चालकाच्या झोपेतून आणि मालकाच्या हप्त्यातून स्वस्त झालेली असते. अपुऱ्या झोपेची किंमत पुढे रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

या प्रश्नाची काही उत्तरे गावाच्या हद्दीतच आहेत. ट्रकतळ, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि विश्रांतीची जागा यांसाठी ग्रामपंचायतींनी औद्योगिक विकास महामंडळाच्या सहकार्याने जागा राखल्यास रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी होतील आणि गावकऱ्यांचीही वाट मोकळी होईल. गाडी फाटकावर केव्हा आली आणि केव्हा सुटली, याची वेळ बिल्टीवर नोंदविण्याची पद्धत कारखान्यांनी स्वीकारावी, यासाठी अधिकाऱ्यांना आग्रह धरता येईल. ही नोंद नसेल तर हॉल्टिंगचा दावा सिद्धच होत नाही. चिंचवडहून रेल्वेने जाणाऱ्या मोटारगाड्यांचे प्रमाण वाढल्यास दूरच्या पल्ल्याचा भारही हलका होईल.

शिक्षकांचेही यात स्थान आहे. चालकाचा व्यवसाय हा कौशल्याचा व्यवसाय आहे. युरोपात व्यावसायिक चालकाला दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्या परिसरात भोसरी येथे १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था कार्यरत आहे. गावातील तरुणांना अशा प्रशिक्षणाची वाट दाखविणे आणि वर उदाहरणादाखल दिलेला हिशेब गाडी कर्जाने घेण्यापूर्वी मांडून पाहण्यास शिकविणे, हे शाळेच्या फळ्यावर सहज होण्यासारखे आहे. महिन्याच्या फेऱ्या २५ ऐवजी १५ झाल्या तर हप्ता फिटेल काय, एवढा एक प्रश्न वेळीच विचारला गेला, तरी अनेक कुटुंबे कर्जाच्या विळख्यातून वाचतील.