मापं

पहाटे ५. करंट आहे तोवर इस्त्री उरकून घेते. आज कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये फॅशन शो आहे. सहा इरकली नेसायच्या आहेत, त्यांवरचे ब्लाउज मीच शिवलेत. शेवटच्या ब्लाउजला अजून हूक लावायचे राहिलेत.

सकाळी ७. गल्लीत वर्दळ सुरू व्हायच्या आत ती येते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उंची पाच फूट आठ इंच. भालकीत एवढ्या उंच पोरीला ‘स्थळ कुठनं मिळणार’ हे लहानपणापासून ऐकावं लागतं. तिला टीव्हीवरच्या मॉडेलिंगच्या स्पर्धेत उतरायचंय. मी लग्नाआधी मुंबईत एका डिझायनरच्या वर्कशॉपात शिवायला होते, म्हणून ती माझ्याकडे येते.

“अक्का, आज हील घालून चालू?”

चालते छान, पण खाली बघते. नजर समोर ठेव म्हटलं की हात ताठ होतात. तिला एकच सांगते : लोकांनी तुला बघायचं नाही, साडी बघायची. साडी दिसली की तू दिसतेसच.

सकाळी ९. सुसला केलाय. ती नको म्हणते. दोन आठवड्यांपासून भाकरी सोडलीय म्हणे. इथं मी ऐकत नाही. 2006 मध्ये माद्रिदच्या फॅशन शोमध्ये उंचीच्या मानानं वजन फारच कमी असलेल्या मुलींना रॅम्पवर येऊ दिलं नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून काम करायचं तर प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. उपाशी राहिल्यानं मुली दगावल्या, तेव्हा कुठं हे नियम आले. मी हे सांगितल्यावर तिनं ताटली ओढून घेतली.

१० ते २. गिऱ्हाईक. लग्नाचे ब्लाउज, फॉल-पिको, मापं. एकीशी कन्नड, दुसरीशी मराठी, तिसरीशी दखनी. कोपऱ्यात बसून ती हूक लावते आणि मनातलं बोलते. तिला चालण्याची नाही, प्रश्नोत्तरांची भीती आहे. इंग्रजीत विचारलं तर?

मग मी मधू सप्रेचं सांगते. नागपुरात जन्मलेली, मैदानावर वाढलेली मुलगी. 1992 मध्ये मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत पोचली. देशाची सूत्रं हातात आली तर काय कराल, असा प्रश्न होता. गरिबी एका दिवसात हटत नाही, मी खेळाचं मोठं मैदान उभारेन, अशा अर्थाचं ती बोलली. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅकलीनला गेला, मधू तिसरी आली. त्या उत्तरानं मुकुट घालवला, असं आजही म्हणतात. मला ते उत्तर फार आवडतं. धावपटू मुलीला मैदानच हवं असणार. पुढची कितीतरी वर्षं जाहिरातींत आणि रॅम्पवर तीच होती. तिसरी आली म्हणून तिचं काम अडलं नाही.

“मग जिंकून काय होतं?” ती विचारते.

दार उघडतं. आत जाऊन काम करायचं असतं आपल्यालाच. 2015 मध्ये एमटीव्हीवर ‘इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ सुरू झालं, पहिली विजेती डॅनिएल कॅन्यूट. पुढच्या वर्षी प्रणती राय प्रकाश जिंकली आणि अभिनयाकडे वळली. 2020 च्या ‘मनफोडगंज की बिन्नी’ मालिकेत बिन्नी तीच. त्याच वर्षी सिक्कीमची मनीला प्रधान एमटीव्हीच्या ‘सुपरमॉडेल ऑफ द इयर’ची पहिली विजेती ठरली. त्या कार्यक्रमात मिलिंद सोमण आणि मलायका अरोरा परीक्षक होते, आणि मुलींना शिकवायला उज्ज्वला राऊत. उज्ज्वला 1996 ची फेमिना लुक ऑफ द इयर. त्यानंतर जगभरच्या मुलींच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं नाही, तरी पुढं इव्ह सँ लोराँ आणि व्हिक्टोरियाज सीक्रेटच्या रॅम्पवर ती चालली. तेवीस-चोवीस वर्षांनी टीव्हीवर उभी राहून ती दुसऱ्यांच्या पोरींना पाऊल कसं टाकायचं ते दाखवत होती, ते बघताना मला भरून आलं होतं.

दुपारी ३. ट्रायल. तिला स्टुलावर उभी करते. मुंढ्यात ओढ आहे, पाठीवर झोळ आहे. टाचण्या लावून उसवते, कच्ची शिलाई घालते, परत घालायला सांगते. ती कंटाळून एका पायावर भार टाकते. सरळ उभी राहा, नाहीतर खांदा चुकेल. मुंबईत मी पाहिलेल्या मॉडेलांचा बहुतेक दिवस असाच जायचा. पहाटेपासून केस, मेकअप, मग टाचण्या लावलेल्या कपड्यात तासन् तास उभं राहणं, आणि रॅम्पवर मिनिटभर. चांगली मॉडेल ओळखायची ती इथंच. कपडा कुठं काचतो ते ती नेमकं सांगते, आणि शिवणारणीशी नीट बोलते.

संध्याकाळी ६. स्टेजमागं आरशापुढं गर्दी. साडीवरून कुर्त्यावर यायला एकीला गाण्याच्या एका कडव्याएवढा वेळ. सुईदोरा माझ्या तोंडात, पिना पदराला. ती चालत पुढं गेली, टोकाला थांबली आणि वळताना पदर हातावर घेतला, म्हणून ब्लाउजचा मागचा गळा सगळ्यांना दिसला. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

रात्री ९. तिची आई दुकानात आली. शो कसा झाला हे तिनं विचारलंच नाही. मुंबईच्या एकानं फोनवर फोटोंसाठी आगाऊ पैसे मागितलेत, द्यावेत का?

“एक रुपया देऊ नका, मावशी. खरी एजन्सी काम मिळवून देते आणि त्यातनं आपला वाटा कापून घेते. आधी पैसे मागणाऱ्याचा नाद नको. आणि काम झालं तरी पैसे कधीकधी महिन्यांनी येतात, तेवढी कळ काढायची तयारी पाहिजे.”

“मग लागतंय काय?”

साध्या कपड्यांतले, मेकअप न केलेले फोटो. समोरून, बाजूनं, पूर्ण उंचीचा. आणि मापं. परीक्षा झाली की दोघींनी मिळून बिदर-मुंबई गाडीनं जायचं, पोरीला एकटीला पाठवायचं नाही, असं ठरलं.

मी टेप काढला. उंची, छाती, कंबर, सीट. आई आकडे लिहून घेत होती, पोरगी ताठ उभी होती.